प्रौढ विद्यार्थी आणि गणिताची पायरी

शिक्षण सुटणें ही गोष्ट एका दिवसांत घडते. तें पुन्हा हातीं धरणें मात्र वर्षानुवर्षें लांबत जातें. घरची शेती, वडिलांचें दुकान, लवकर झालेलें लग्न, चालून आलेली लहानशी नोकरी, अशीं कारणें निरनिराळीं असतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहींच नसतें. पुढें मुलें मोठीं होतात, दिवसाकांठीं तासभर निवांतपणा मिळूं लागतो, आणि मागें राहिलेला विषय मनांत पुन्हा डोकावूं लागतो. इतिहासाकडे किंवा वाङ्मयाकडे असा परतणारा मनुष्य हातीं येईल त्या पुस्तकापासून प्रारंभ करूं शकतो. गणिताचें तसें नाहीं. गणिताच्या वाड्याचा जिना सलग असावा लागतो; मधल्या दोन पायऱ्या तुटलेल्या असल्या तर वरचा मजला दिसतो, पण गांठतां येत नाहीं. म्हणून पस्तिशी-चाळिशींतील गृहस्थानें अथवा गृहिणीनें घरबसल्या गणित शिकावयाचें ठरविलें म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो अभ्यासक्रमाच्या निवडीचा.

हिंगोली जिल्ह्यांतील वसमत हें या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य गांव आहे. बसमत, बसमतनगर अशीं त्याचीं दुसरीं नांवें अजूनहि ऐकूं येतात. हळदीची मोठी बाजारपेठ, पूर्णा सहकारी साखर कारखाना, आगगाडीचें स्थानक, बहिर्जी स्मारक महाविद्यालय, आणि सुमारें चाळीस किलोमीटरांवर नांदेड, असा त्याचा संसार आहे. वजन, भाव, अडत आणि तूट यांचा हिशेब येथें रोज तोंडीं चालतो. तरीहि या गांवीं बसून ज्याला रीतसर गणित शिकावयाचें असे, त्याच्या वाटेंत कोणत्या अडचणी होत्या आणि त्या कोणत्या क्रमानें दूर होत गेल्या, हें पाहिलें म्हणजे आजची निवड पुष्कळ सोपी होते. त्या अडचणी मुख्यतः तीन होत्या: परीक्षेला बसण्याचा अधिकार, शिकण्याची भाषा आणि शिकविणारा हात. चौथी अडचण, म्हणजे आपल्यास योग्य अशी पायरी ओळखणें, ही मात्र अजून ज्याची त्यालाच सोडवावी लागते.

पहिल्या अडचणीचा इतिहास लंडनपासून सुरू होतो. १८५८ सालीं लंडन विद्यापीठाला नवी सनद मिळाली, आणि महाविद्यालयांत हजेरी न लावलेल्या उमेदवारांसहि तेथील परीक्षा मोकळ्या झाल्या. उमेदवार कोठें शिकला आणि कोणापाशीं शिकला, याची चौकशी विद्यापीठ करीना. तो उत्तीर्ण होतो कीं नाहीं एवढेंच पाही. त्याच्या एक वर्ष आधीं, १८५७ सालीं, स्थापन झालेलें मुंबई विद्यापीठहि लंडनच्या नमुन्यावरच बेतलेलें होतें. परीक्षा घेणें हें विद्यापीठाचें काम, आणि शिकविणें हें महाविद्यालयांचें, अशी त्याची घडण होती.

परंतु अधिकार असला तरी परीक्षेचें ठिकाण दूर असे, आणि वाट बिकट असे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांची हकीकत महाराष्ट्राच्या परिचयाची आहे. कोकणांतील मुरूडचा हा सतरा वर्षांचा मुलगा सरकारी परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेला, आणि तो वयानें फार लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. मॅट्रिक होईपर्यंत त्यांचें वय तेवीस वर्षांचें झालें. १८८४ सालीं ते गणित घेऊन बी. ए. झाले, आणि १८९१ पासून १९१४ पर्यंत त्यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत गणितच शिकविलें. उशिरा आलेला विद्यार्थी गणितांत मागें पडलाच पाहिजे असें नाहीं, याचें याहून जवळचें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

दार उघडलें तरी वाट दाखविणारा कोणी नसला म्हणजे काय होतें, हें रामानुजन यांच्या चरित्रांत दिसतें. कुंभकोणम् येथें शिकत असतां त्यांच्या हातीं जी. एस. कार या इंग्रज शिकवणी-शिक्षकाचा संग्रहग्रंथ आला. त्यांत प्रमेयें हजारोंनीं होतीं. सिद्धता मात्र कांहीं ठिकाणीं त्रोटक आणि कांहीं ठिकाणीं मुळींच नाहीं, अशी स्थिति होती. त्या एका पुस्तकावर हा मुलगा एकटा वाढला. गणितावांचून इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळें महाविद्यालयाच्या परीक्षेंत तो नापास झाला. १९१३ सालीं त्यांनीं प्रोफेसर हार्डी यांस पाठविलेल्या पत्रांतील सूत्रें पाहून केंब्रिज थक्क झालें, तरी सिद्धता काटेकोरपणें मांडण्याची रीत त्यांना इंग्लंडांत गेल्यावरच शिकावी लागली. असामान्य बुद्धीचीहि जेथें ही गत, तेथें सामान्य विद्यार्थ्यास उत्तराबरोबर उत्तराच्या पायऱ्या दाखविणारें पुस्तक आणि चूक दाखविणारा शिक्षक लागतो, हें सांगावयास नको.

वसमतच्या दृष्टीनें दुसरी अडचण, म्हणजे भाषेची, अधिक जाचक होती. मराठींत गणिताचीं पुस्तकें नव्हतीं असें नाहीं. १८२० नंतरच्या काळांत मुंबई इलाख्यांत जॉर्ज जर्विस या अधिकाऱ्यानें जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत आणले होते. परंतु तो इलाखा इंग्रजांचा. वसमत हें १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, परभणी जिल्ह्यांत होतें. घरची भाषा मराठी आणि कचेरीची भाषा उर्दू, अशी तेथील रहाटी होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें आणि त्यानें उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठेविलें. इंग्रजी बाजूस सारून एका देशी भाषेंतून विद्यापीठाचें सर्व शिक्षण देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. त्यासाठीं मुद्दाम काढलेल्या भाषांतर खात्यानें गणिताचे ग्रंथहि उर्दूंत उतरविले. मात्र मराठवाड्यांतील मुलाला ती देशी भाषा घरची नव्हती. ओसरीवर बसून तो पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी म्हणे. तोच शाळेंत वर गेला म्हणजे त्रिकोणाला मुसल्लस, वर्तुळाला दायरा आणि बीजगणिताला जबर-ओ-मुकाबला म्हणूं लागे.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतांत सामील झालें, आणि उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम इंग्रजी झालें. ज्याचें शिक्षण या संधिकालांत झालें, त्याला तोच त्रिकोण आतां तिसऱ्या नांवानें ओळखावा लागला. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९६० सालीं स्थापन झालेल्या भाषा संचालनालयानें पुढें गणितशास्त्राचा परिभाषा कोश सिद्ध केला. १९९४ सालीं नांदेड येथें दुसरें विद्यापीठ झालें, त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचें नांव मिळालें. आणि १ मे १९९९ रोजीं परभणींतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. विद्यापीठ अशा रीतीनें वसमतच्या जवळ जवळ येत गेलें.

भाषेची अडचण मात्र सर्वस्वी सरली नाहीं. ज्यानें दहावीपर्यंत मराठींतून गणित केलें, त्याला अकरावीला विज्ञान शाखेंत जातांच इंग्रजी परिभाषा भेटते, आणि अनेकांचें गणित याच वळणावर सुटतें. अशा मनुष्याची समजूत बहुधा अशी असते, कीं आपल्याला गणित येत नव्हतें. वस्तुतः त्याला गणिताचीं नवीं नांवें येत नव्हतीं. भाषा बदलल्यानें आधींचें ज्ञान नाहींसें होत नाहीं. त्या ज्ञानाच्या कोठाराची किल्ली तेवढी हरवते. वीस वर्षांनीं परत फिरणाऱ्यानें हा भेद ध्यानांत ठेवावा, म्हणजे निष्कारण उपजलेली भीति निम्मी ओसरेल.

तिसरी अडचण शिकविणाऱ्या हाताची. १९६२ सालीं दिल्ली विद्यापीठानें, डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीच्या विचारानें, पत्रद्वारा शिक्षणाची संस्था उघडली आणि टपालानें पाठ पाठविण्यास आरंभ केला. सुरुवात केली ती केवळ बी. ए. ची. प्रयोगशाळा पाकिटांत घालून पाठवितां येत नाहीं, म्हणून विज्ञानाचे विषय मागें राहिले. गणिताला या बाबतींत एक मोठी सवलत आहे. कागद, पेन्सिल आणि धीर यांपलीकडे त्याला उपकरण लागत नाहीं. मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं पत्रद्वारा अभ्यासक्रमांचा विभाग सुरू केला, आणि पुढें त्या विभागांतून गणिताच्या उच्च पदवीचा अभ्यासहि घरबसल्या करतां येऊं लागला.

याच १९७१ सालीं इंग्लंडांत जें घडलें, तें गणिताच्या प्रौढ विद्यार्थ्यानें अवश्य जाणून घ्यावें. १९६९ सालीं सनद मिळालेल्या तेथील मुक्त विद्यापीठानें त्या वर्षाच्या जानेवारींत पहिले विद्यार्थी घेतले. पूर्वीची कोणतीहि परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. पहिल्या वर्षीं चार पायाभूत अभ्यासक्रम होते, आणि त्यांत गणित हा एक होता. छापील पाठ टपालानें येत, बीबीसीवरून व्याख्यानें होत, आणि सोडविलेलीं उदाहरणें तपासून परत मिळत. दार एवढें रुंद उघडूनहि गणिताचा हा पहिला अभ्यासक्रम शाळा सोडून बरीच वर्षें झालेल्यांना जड गेला. १९७८ सालीं त्याच्या जागीं दुसरा आणला. पुढें आणखी खालची पायरी घालण्यांत आली. २०१० सालीं अगदीं प्राथमिक तयारीपासून नेणारा एक आणि २०१४ सालीं थोडी तयारी असलेल्यांसाठीं दुसरा, असे प्रवेशाचे दोन अभ्यासक्रम तेथें झाले. नांव नोंदविण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें घरींच स्वतःची परीक्षा पाहावी म्हणून प्रश्नांचा संचहि देण्यांत येऊं लागला. चार दशकांच्या अनुभवानें त्या विद्यापीठाला जें कळलें त्याचें सार इतकेंच, कीं दार मोकळें करणें आणि पायऱ्या बांधणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि गणितांत दुसऱ्यावांचून पहिलें फुकट जातें.

आपल्याकडे मुक्त विद्यापीठाचा पहिला मान हैदराबादकडे जातो. ज्या शहरानें उर्दूचा प्रयोग केला, त्याच शहरीं १९८२ सालीं आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. त्याचे पहिले कुलगुरु जी. राम रेड्डी हेच १९८५ सालीं स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘इग्नू’चे, पहिले कुलगुरु झाले. महाराष्ट्रानें १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ काढलें; पदार्थविज्ञानाचे अध्यापक राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरु. या विद्यापीठाचें विभागीय केंद्र नांदेडला झाल्यानें वसमतकरांस त्याची ओळख घरच्यासारखी झाली. बारावी न झालेल्या प्रौढांसाठीं त्यानें पूर्वतयारीचा मार्ग काढला, आणि मराठींतून बी. ए. व बी. कॉम. होण्याची संधि असंख्य घरांत पोहोंचविली. परंतु तो मार्ग मुख्यतः कला आणि वाणिज्य या शाखांकडे नेणारा होता. इग्नूनें आपल्या पूर्वतयारी अभ्यासक्रमांत सामान्य गणिताची एक पुस्तकमाला ठेविली, आणि पदवीसाठीं कलन, बीजगणित, विश्लेषण अशा विषयांचीं उत्तम पुस्तकें इंग्रजींत व हिंदींत तयार केलीं. मराठी विद्यार्थ्याला हिंदी पुस्तकांतील त्रिकोण, समीकरण, अवकलन हे शब्द संस्कृतामुळें ओळखीचे वाटतात, ही लहान गोष्ट नव्हे. इंग्रजी पुस्तक समोर ठेवून शेजारीं हिंदी पुस्तक उघडावें, आणि अडलेल्या शब्दासाठीं मराठी परिभाषा कोश पाहावा, हा उपाय वसमतच्या भाषिक इतिहासानेंच सुचविलेला आहे.

आतां चौथ्या अडचणीकडे, म्हणजे पायरीकडे, वळावयाचें. या बाबतींत हिंगोली जिल्ह्याला एक जुनी आख्यायिका लाभली आहे. नामदेवांचें नर्सी आणि विसोबा खेचरांचें औंढा नागनाथ हीं दोन्ही ठिकाणें या जिल्ह्यांत आहेत. संतमंडळी जमली असतां गोरोबाकाकांनीं आपल्या थापटण्यानें एकेकाच्या डोक्यावर थापटून मडकें पक्कें कीं कच्चें याची परीक्षा केली, आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरलें, असें परंपरा सांगते. नामदेवांची कीर्ति त्या वेळीं झालेली होती. मनाला लागलेला तो बोल घेऊन ते औंढ्यास विसोबांकडे गेले आणि शिष्य झाले. या कथेंतील अध्यात्म क्षणभर बाजूस ठेविलें तरी व्यवहाराचा एक मोठा बोध उरतो. वय आणि कीर्ति असूनहि परीक्षेला डोकें पुढें करणें, आणि निर्णय कळल्यावर योग्य ठिकाणीं जाऊन बसणें, यांत कमीपणा नाहीं.

गणितांत हें थापटणें सोपें आहे. प्रथम अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, शेकडेवारी आणि त्रैराशिक. तीन चतुर्थांशांतून दोन पंचमांश वजा केल्यास सात विसांश राहतात, हें पुस्तक न उघडतां आलें पाहिजे. नंतर बीजगणित: एकसामयिक समीकरणें, अवयव पाडणें, वर्गसमीकरण, सरळ रेषेचा आलेख. त्यानंतर त्रिकोणमिति आणि लघुगणक. या तिन्ही थरांत ज्या ठिकाणीं हात अडेल, ती आपली पायरी.

मात्र ही परीक्षा घेतांना प्रौढाच्या अंगीं असलेलें धन दुर्लक्षित होतां कामा नये. समजा, मोंढ्यांत एकानें दोन प्रतींची मिळून १० क्विंटल हळद विकली. चांगल्या प्रतीला क्विंटलमागें १२,००० रुपये आणि हलक्या प्रतीला ९,००० रुपये भाव मिळाला. एकंदर १,११,००० रुपये हातीं आले. कोणती हळद किती होती? जुना मुनीम कागद न घेतां सांगेल, कीं सगळीच हलकी असती तर ९०,००० आले असते. वर २१,००० आले. चांगलीला क्विंटलमागें ३,००० अधिक मिळतात. तेव्हां चांगली ७ क्विंटल आणि हलकी ३. शाळेचें बीजगणित हेंच क्ष आणि य यांची बेरीज १०, आणि १२ क्ष व ९ य यांची बेरीज १११, असें लिहून सोडवितें. कांहीं एक गृहीत धरून फरकावरून खरें उत्तर काढण्याची मुनिमाची रीत हिंदुस्थानांत फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकांतील लीलावतींत इष्टकर्म म्हणून जें गणित दिलें आहे, तें याच जातीचें. म्हणजे मुनिमाजवळ विचार आहे आणि चिन्हें नाहींत. उलट, घोकून दहावी झालेल्या कित्येकांजवळ चिन्हें आहेत आणि विचार नाहीं. दोघांनाहि एकच अभ्यासक्रम सांगणें अन्यायाचें होईल. पहिल्यानें नववी-दहावीचीं बीजगणिताचीं पुस्तकें चार-सहा महिने चिन्हांच्या सरावासाठीं वाचावींत. दुसऱ्यानें तींच पुस्तकें प्रत्येक रीत कां लागू पडते हें स्वतःस विचारीत वाचावींत. राज्य मंडळानें मध्यंतरीं दहावीला बीजगणित-भूमितीऐवजीं ‘सामान्य गणित’ घेण्याची मुभा दिली होती आणि पुढें ती बंद केली. त्या वर्षांत ती वाट धरलेल्यांनींहि प्रारंभ येथूनच करावा.

ज्याची दहावीच राहिली असेल, त्याला दोन मार्ग आहेत. राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीनें बसणें हा एक. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माध्यमिक परीक्षा देणें हा दुसरा. या दुसऱ्या संस्थेचा आरंभ १९७९ सालीं केंद्रीय मंडळाच्या एका प्रकल्पानें झाला आणि १९८९ सालीं ती स्वतंत्र झाली. तिच्या दहावीच्या परीक्षेला मराठी माध्यम आहे, परीक्षा वर्षांतून दोनदां होते, आणि सर्व विषयांचा भार न उचलतां एखादाच विषय घेऊनहि बसतां येतें. दहावी होऊन ज्याचें अकरावी-बारावीचें गणित राहिलें, त्याला ही शेवटची सोय विशेष मोलाची आहे. बारावीचें गणित केवळ विज्ञानवाल्यांचें, ही समजूतहि टाकून द्यावी; राज्य मंडळांत कला आणि वाणिज्य या शाखांनाहि गणित आणि संख्याशास्त्र हा विषय घेतां येतो.

पायरी ठरली म्हणजे मग मुक्काम ठरवावा. येथें मनुष्यानें स्वतःशीं प्रामाणिक राहिलें पाहिजे. नोकरींत बढती किंवा शिक्षकाचा पेशा हा हेतु असेल, तर पदवी मान्यताप्राप्त हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागानें तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षासाठीं मान्य केला आहे कीं नाहीं, हें प्रवेशापूर्वीं पाहावें. संस्थेला मान्यता असणें आणि तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला मान्यता असणें या दोन गोष्टी एक नाहींत. बी. एस्सी. साठीं इग्नूला बारावी विज्ञान लागते. परंतु २०१९ पासूनच्या निवडीच्या पद्धतींत तिनें बी. ए. च्या विषयांतहि गणिताला जागा दिली, ही गोष्ट कला शाखेच्या पदरीं पडलेली संधि होय. संगणकाच्या क्षेत्रांत शिरावयाचें असेल, तर गणितासह पदवी झालेल्यास इग्नूनें गणित आणि त्याचें संगणकशास्त्रांतील उपयोजन असा एम. एस्सी. चा अभ्यासक्रम आंखलेला आहे. प्राथमिक शाळेंत शिकविणाऱ्यांसाठीं, लहान मुलें गणित कसें शिकतात या विषयाचें छोटें प्रमाणपत्रहि तिनें काढलें. मुलांच्या अभ्यासाला बसणाऱ्या आईबापांनाहि तें उपयोगी आहे. आणि ज्याला पदवी नको, केवळ विषय हवा, त्याला २०१७ सालीं सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यवस्थेवर नामांकित अध्यापकांचीं व्याख्यानें विनामूल्य ऐकतां येतात.

तिसरा हिशेब वेळेचा. इग्नूच्या पद्धतींत एका श्रेयांकाला विद्यार्थ्याचे तीस तास धरतात. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. आठवड्यांतून सहा दिवस रोज एक तास दिला, तर एका विषयाला वीस आठवडे लागतात. सहा श्रेयांकांच्या विषयाला तीस. लग्नसराई, सुगी, मुलांच्या परीक्षा आणि आजारपणें जमेस धरलीं म्हणजे वर्षांत असे दोन विषय झाले तरी पुष्कळ झालें. उत्साहाच्या भरांत पहिल्याच वर्षीं चार-चार गणिताचे विषय घेणाराच मधेंच थांबतो. मुक्त विद्यापीठें तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुदत देतात ती याचसाठीं. ती मुदत वापरणें म्हणजे मागें पडणें नव्हे.

शेवटीं एक विचार राहतो. इतका खटाटोप करून एवढ्या वयांत गणित शिकावयाचें तें कशासाठीं, असें घरचे लोक विचारतात. त्यांना देवळालीच्या एका शाळामास्तरांचें नांव सांगावें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९२९ सालीं बी. एस्सी. झाले आणि आयुष्यभर शाळेंत शिकवीत राहिले. उच्च पदवी त्यांच्यापाशीं नव्हती. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सगळे अंक सारखे नसावेत एवढेंच. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करीत जावें. फार तर सात वेळांत ६१७४ ही संख्या येते आणि मग ती बदलत नाहीं. कापरेकरांनीं हें १९४६ च्या सुमारास शोधलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि देवळालीच्या मास्तरांचें नांव जगभर गेलें. त्यांच्या आनंदाला पदवीची वाट पाहावी लागली नाहीं.

असा आनंद प्रत्येकाला कीर्ति देईल असें नाहीं. परंतु मोंढ्यांतील मुनिमानें आपलीच तोंडची रीत एके दिवशीं समीकरणांत मांडलेली पाहिली, किंवा एखाद्या आईनें मुलीच्या दहावीच्या पुस्तकांतील अडलेलें उदाहरण तिच्याशेजारीं बसून सोडविलें, तर त्या अभ्यासाचें सार्थक होतें. विद्यापीठें जवळ आलीं आहेत, भाषेची अडचण पुष्कळ सौम्य झाली आहे, आणि पाठ घरीं पोहोंचतात. राहतें तें एवढेंच, कीं आपलें पाऊल कोणत्या पायरीवर खरोखर टेकतें हें शांतपणें पाहावें, आणि तेथूनच चढावयास आरंभ करावा.